हाताचे व्याकरण : जुन्या व्हिडिओ-खेळांतील काही विलक्षण नियंत्रकांविषयी

सोस्यूरने भाषेची तुलना बुद्धिबळाशी केली, ती भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी पाठ होते. मोहरे लाकडाचे असोत की हस्तिदंताचे, खेळात त्यामुळे काही फरक पडत नाही. मोहऱ्यांची संख्या कमीजास्त केली तर मात्र खेळाचे व्याकरणच बदलते. द्रव्य गौण, संबंध मुख्य, असा ह्या दृष्टांताचा इत्यर्थ होय. प्रस्तुत लेखक पदव्युत्तर वर्गात चिन्हमीमांसा शिकविताना हाच दृष्टांत व्हिडिओ-खेळांना लावीत आला. खेळ म्हणजे पडद्यावर प्रकट होणारी नियमव्यवस्था. खेळाडूच्या हातातील कंट्रोलर, म्हणजे ज्याला आपण येथे नियंत्रक म्हणू, तो केवळ लाकूड अथवा हस्तिदंत, असे प्रतिपादन त्याने एकदा नव्हे, अनेकदा केले आहे. हे प्रतिपादन निम्मे चुकीचे होते असे आता त्याला वाटते. कोणते निम्मे, ह्याचा शोध पुढील विवेचनात घ्यावयाचा आहे.

निमित्त घडले ते एका प्रबंधिकेचे. १९८० च्या सुमाराच्या अमेरिकन कन्सोलांवरील खेळांचा तीत विचार होता. खेळ सगळे एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीवर, संगणकाच्या कळफलकाने खेळलेले. मॅटेल कंपनीच्या इंटेलिव्हिजनवरील खेळांविषयी विद्यार्थ्याने असे लिहिले होते की, त्यांतील क्रिया अकारण क्लिष्ट आहेत आणि कोणता आकडा दाबला असता काय होते ह्यात काही संगती नाही. परीक्षक ह्या नात्याने प्रस्तुत लेखकाने ते वाक्य मान्य केले, समासात बरोबरची खूणही केली. पुढे वर्षभराने मूळ यंत्र, त्याच्या पट्ट्यांसह, हाताळावयास मिळाले. आणि विद्यार्थ्याची नव्हे तर परीक्षकाची चूक ध्यानात आली.

विलक्षण नियंत्रकांविषयी आजवर जे लेखन झाले आहे त्याचा बराचसा भाग कौतुकाचा किंवा थट्टेचा आहे. जादूगाराच्या पेटीतून एकेक वस्तू काढून दाखवावी तसे हातमोजे, यंत्रमानव, तीन शिंगांच्या मुठी वाचकापुढे मांडावयाच्या आणि 'कसे हो हे लोक!' असे म्हणून मोकळे व्हावयाचे, अशी ही रीत. परीक्षणाची कसोटी दिली असलीच तर ती 'हाताला बरे वाटते की नाही' एवढीच असते. कसोटी क्षुल्लक नाही, हे पुढे दिसेलच. परंतु तिच्या आधी दुसरा प्रश्न विचारावयास हवा: ह्या नियंत्रकाने कोणते नवे भेद उपलब्ध करून दिले, आणि त्यांपैकी कोणत्या भेदांना खेळाच्या संहितेत अर्थ मिळाला? स्वनिमविचारात आपण हाच प्रश्न ध्वनीला विचारतो. मुखातून शेकडो ध्वनी निघू शकतात. भाषा त्यांतील काही भेदांनाच अर्थभेदक मानते. नियंत्रकाचेही तसेच.

आरंभीच्या वर्षांत भेदांची ही उपलब्धी फारच विपुल होती. १९७२ सालच्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसीच्या पेट्यांवर फिरवावयाच्या मुठी होत्या: एक उभ्या गतीसाठी, एक आडव्या गतीसाठी आणि तिसरी चेंडूच्या वाटेला बाक देण्यासाठी. ह्या तिसरीचे नाव 'इंग्लिश' असे होते. अमेरिकेतील बिलियर्डच्या परिभाषेत चेंडूला दिलेल्या फिरकीस तो शब्द आहे, त्याचा भाषेशी काही संबंध नाही. पण भाषेच्या अभ्यासकाला ते नाव पाहून क्षणभर हसू आल्यावाचून राहत नाही. १९७६ साली फेअरचाइल्डच्या चॅनल एफ यंत्राबरोबर आलेला दांडा कशावरही बसविलेला नव्हता. तो एका मुठीत धरावयाचा आणि वरची त्रिकोणी टोपी दुसऱ्या हाताने चार दिशांना कलवावयाची, दोन्ही बाजूंना पिळावयाची, वर ओढावयाची, खाली दाबावयाची. आठ मूलभूत भेद एका टोपीत! त्यामागून बॅली कंपनीच्या यंत्रात पिस्तुलाची मूठ, तिला घोडा आणि वर कलणारी व फिरणारी गोटी असा मेळ झाला. ह्या सर्वांना अद्याप वर्णमाला ठरलेली नसलेल्या लिप्या म्हणता येईल. त्यांच्यापाशी फार थांबण्याचे कारण नाही, कारण त्यांतील बहुतेक भेदांना वापरणारे खेळच थोडे झाले.

इंटेलिव्हिजनपाशी मात्र थांबले पाहिजे. हे यंत्र १९७९ साली चाचणीदाखल आणि १९८० पासून सर्वत्र विक्रीस आले. त्याचा नियंत्रक म्हणजे एक उभी, चपटी पेटी: खाली वर्तुळाकार चकती, जिच्या कडेवर दाब देऊन सोळा दिशा दर्शविता येत, वर टेलिफोनसारखा बारा बटणांचा आकडेफलक, आणि दोन्ही कुशींना दोन-दोन बटणे. मुळच्या यंत्रात ही पेटी वळ्यावळ्यांच्या तारेने कन्सोलला कायमची जोडलेली होती, ती काढून दुसरी लावता येत नसे. मोजदाद केली तर एवढी भेदसमृद्धी त्या काळच्या घरगुती यंत्रांत विरळाच. पण येथेच व्याकरणकाराने कान टवकारावेत असे दोन प्रकार घडले आहेत.

पहिला असा की कुशीच्या चार बटणांपैकी वरची दोन, डावे आणि उजवे, यंत्राच्या दृष्टीने एकच होत. दोहोंचा संदेश एकच जातो. हाताला चार भेद जाणवतात, यंत्राला तीनच कळतात. हे शुद्ध पर्यायशब्दांचे उदाहरण झाले आणि ते दोषास्पद नाही. डावखुऱ्याची व उजव्याची सोय त्याने होते. दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. नियंत्रकाकडून कन्सोलकडे जाणाऱ्या आठ संदेशरेषांत चकती आणि आकडेफलक ह्यांनी काही रेषा वाटून घेतल्या आहेत. चकती दाबलेली असतानाच आकडा दाबला, तर दोन संदेश एकमेकांत मिसळतात आणि यंत्राला ते निःसंदिग्धपणे उलगडता येत नाहीत. रेषांची काटकसर केली, तिची किंमत संदिग्धतेने द्यावी लागली.

ह्या ठिकाणी शिवसूत्रांची आठवण होणे अपरिहार्य आहे. प्रत्याहार बनविण्यासाठी सूत्रांच्या अंती जी अनुबंधाक्षरे योजिली आहेत, त्यांत णकार दोनदा येतो: एकदा पहिल्या सूत्राच्या शेवटी, एकदा सहाव्याच्या. त्यामुळे 'अण्' म्हटले असता पहिल्या णकारापर्यंत जावयाचे की दुसऱ्या, असा संशय उत्पन्न होतो, आणि परंपरेने तो व्याख्यानाच्या बळावर सोडविला. लाघवाचा हव्यास आणि त्यातून उद्भवणारा संशय ही जोडी किती जुनी आहे हे ह्यावरून दिसेल. भेद इतकाच की व्याकरणाला पतंजली मिळाला. कन्सोलला व्याख्यान करता येत नाही. म्हणून तेथे व्याख्यानाचे काम खेळ लिहिणाऱ्याला आगाऊच करावे लागले: धावताना आकडा दाबण्याची वेळच खेळाडूवर येऊ नये, अशी संहितेची रचना करून. हालचाल आणि निवड ही एका क्षणी न येता एकापुढे एक येणे, ही त्या यंत्राला मानवणारी लय होय. जाणकार खेळाडू त्या लयीला संथपणा म्हणून नावे ठेवतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ती रेषांच्या व्याकरणातून निघालेली शैली आहे, आणि डॉन डॅग्लो ह्याच्या 'यूटोपिया'सारख्या खेळात ती गुणरूपच झाली आहे. दोन बेटांवर दोन खेळाडू राज्य करितात; किल्ला, कारखाना, शेत, शाळा, इस्पितळ, घरे, नौका ह्यांपैकी काय उभारावयाचे ते आकड्याने सांगावयाचे आणि मग पुन्हा चकतीकडे वळून नौका हाकावयाची. राज्यकर्त्याने विचार करण्यासाठी हात थांबवावा, हे तेथे किती स्वाभाविक वाटते!

आता पट्ट्यांकडे वळू. प्रत्येक खेळाबरोबर प्लास्टिकच्या पातळ छापील पट्ट्या मिळत. त्या आकडेफलकावर सरकवून बसवावयाच्या, म्हणजे आकडे झाकले जात आणि त्यांच्या जागी त्या त्या खेळाचे शब्द वा चित्रे येत. प्रबंधिकेच्या लेखकाला जी संगती दिसली नाही ती ह्या पट्ट्यांवर छापलेली होती. बेसबॉलच्या खेळाची पट्टी पाहा. तिच्यावर मैदानाचा आराखडा आहे आणि नऊ क्षेत्ररक्षक मैदानात ज्या जागी उभे असतात त्याच मांडणीने बटणांवर आले आहेत. ज्याला हलवावयाचे त्याची जागा दाबावयाची. कळफलकावर हाच खेळ खेळणाऱ्याला 'सात' दाबले की अमुक खेळाडू हलतो, एवढेच कळते. सात आणि तो खेळाडू ह्यांचा संबंध त्याला यादृच्छिक वाटतो, आणि वाटावाच. वस्तुतः तो संबंध यादृच्छिक नाही, तो नकाशाचा आहे. पर्सच्या परिभाषेत सांगावयाचे तर प्रतिमाचिन्ह होते, पट्टी काढून घेतल्याने संकेतचिन्ह झाले. महानुभावांच्या सांकेतिक लिपींतील पोथ्या किल्लीवाचून वाचणाऱ्याने 'हा मजकूर निरर्थक आहे' असा अभिप्राय द्यावा, तशातला हा प्रकार. तो अभिप्राय मान्य करणाऱ्या परीक्षकाबद्दल अधिक काय लिहावे?

पट्टीची कल्पना अन्यत्रही आढळते. जे स्मिथ ह्याने रचलेल्या व १९७९ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने काढलेल्या मायक्रोव्हिजन ह्या हातात धरावयाच्या यंत्रात तर खेळाची कार्ट्रिज म्हणजेच यंत्राचा दर्शनी भाग असे. तिच्याखाली बारा बटणांची जाळी लपलेली. कार्ट्रिज ज्या बटणांना उघडे ठेवील तेवढीच त्या खेळात अस्तित्वात. प्रत्येक ग्रंथाने स्वतःची वर्णमाला बरोबर आणावी, असा हा आग्रह. एका अर्थी तो इंटेलिव्हिजनहून तर्कशुद्ध आहे. पण पडदा सोळा गुणिले सोळा ठिपक्यांचा, तेव्हा ह्या वर्णमालांत लिहिण्याजोगे वाङ्मय फारसे निर्माण झाले नाही.

ह्याच्या अगदी उलट टोकाला निन्तेन्दोची रीत. गुन्पेई योकोई ह्याने १९८२ च्या 'डाँकी काँग' ह्या गेम अँड वॉच यंत्रावर क्रूसाकृती दिशाफलक आणला आणि १९८३ च्या फॅमिकॉमवर तो दोन बटणांसह स्थिर झाला. दिशाफलक हा स्वतःच दिशांची प्रतिमा आहे. परंतु 'ए' आणि 'बी' ह्या बटणांना काहीच अर्थ नाही. (ती डावीकडून उजवीकडे 'बी', 'ए' अशी लावलेली आहेत, हे आपल्या वाचनाच्या सवयीला उलटे.) 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये 'ए' म्हणजे उडी, 'झेल्डा'मध्ये तेच 'ए' म्हणजे तलवार. नाव निरर्थक असल्यामुळेच ते कोणत्याही अर्थाला बांधता येते. चिन्हाच्या यादृच्छिकतेत भाषेचे सामर्थ्य आहे, ह्या सिद्धांताला ह्याहून सोपे उदाहरण वर्गात देता यावयाचे नाही. आणि द्रव्य गौण हेही येथे खरे ठरते: आरंभीच्या फॅमिकॉमवर ही बटणे चौकोनी व रबरी होती, ती अडकून बसत, म्हणून पुढे गोल व टणक करण्यात आली; 'मारिओ'च्या व्याकरणाला त्याने बाध आला नाही. लाकूड गेले, हस्तिदंत आले. सोस्यूरचा दृष्टांत ह्या यंत्रापुरता इतका चपखल बसतो की प्रस्तुत लेखकाची दिशाभूल बहुधा येथेच झाली असावी.

कारण ह्याच फॅमिकॉमवर एक अपवाद आहे, आणि तो फार बोलका आहे. त्याचे दोन नियंत्रक यंत्राला जोडलेलेच असत. पहिल्यावर 'स्टार्ट' व 'सिलेक्ट' ही बटणे, दुसऱ्यावर त्यांच्याऐवजी एक लहानसा मायक्रोफोन. १९८६ साली डिस्कवर निघालेल्या 'झेल्डा'त मोठ्या कानांचा 'पोल्स व्हॉइस' नावाचा एक शत्रू आहे. दुसरा नियंत्रक तोंडाशी धरून ओरडले की तो मरतो. पुढच्या वर्षी हा खेळ कार्ट्रिजवर अमेरिकेत गेला. तेथील यंत्राच्या नियंत्रकांना मायक्रोफोन नव्हता. खेळात बदल करण्यात आला आणि हा शत्रू बाणाने मरू लागला. परंतु इंग्रजी माहितीपुस्तिकेत त्याला मोठा आवाज सोसत नाही, अशा आशयाचा मजकूर तसाच राहिला. अमेरिकन मुलांनी त्या वाक्याचा अर्थ लावण्याचा किती खटाटोप केला असेल! खेळात एक आवाज काढणारी बासरी आहे; ती वाजवून पाहणे हा त्या वाक्याचा अगदी सयुक्तिक अन्वय होय, आणि तो चुकीचा आहे.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा प्रकार परिचित आहे. मूळ शब्द गळून पडतो, टीकेत त्याचे स्पष्टीकरण शिल्लक राहते, आणि पुढचा वाचक त्या स्पष्टीकरणाला नसलेला संदर्भ शोधीत बसतो. येथे विशेष असा की जो शब्द गळाला तो संहितेतला नव्हताच. तो नियंत्रकावर होता. म्हणजे नियंत्रक संहितेचा भाग होता. हस्तिदंताच्या जागी लाकूड आले आणि एक मोहराच पटावरून नाहीसा झाला! २००७ साली 'फँटम अवरग्लास' हा त्याच मालिकेतील खेळ निन्तेन्दो डीएस ह्या हातातल्या यंत्रावर आला. त्या यंत्राला मायक्रोफोन असल्यामुळे ओरडल्यावर हतबल होणारा पोल्स व्हॉइस पुन्हा अवतरला. एकवीस वर्षांनी संदर्भ परत मिळालेले असे वाक्य वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

ह्या मायक्रोफोनची आपल्याकडेही एक खूण राहिली आहे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत फॅमिकॉमच्या स्वस्त नकला आल्या. मुले नियंत्रकाला 'रिमोट' म्हणत आणि कार्ट्रिजला 'कॅसेट': दोन्ही शब्द त्याच सुमारास घरात स्थिरावलेल्या दुसऱ्या यंत्रांवरून उसने घेतलेले. ह्या नकलांपैकी अनेकांत दुसऱ्या 'रिमोट'वर 'स्टार्ट' व 'सिलेक्ट' नसत. मायक्रोफोन गेला होता, पण त्याने मोकळी करून घेतलेली जागा तशीच राहिली होती. मराठी लेखनात १९६२ च्या नियमांपर्यंत टिकून राहिलेल्या अनुच्चारित अनुस्वारांसारखीच ही गोष्ट: उच्चार लोपला, त्याची स्मृती लेखनात. दुसऱ्या क्रमांकावर बसविल्या जाणाऱ्या धाकट्या भावंडांना ह्या ऐतिहासिक कारणाची कल्पना नव्हती. खेळ सुरू करण्याचा अधिकार थोरल्याच्या हाती का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

सादृश्याचा मार्ग पत्करणाऱ्या नियंत्रकांविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. १९८९ सालचा पॉवर ग्लव्ह हा त्यांचा मुकुटमणी. हातमोज्यात बोटांचे वाकणे ओळखणारे संवेदक, दूरचित्रवाणीच्या चौकटीवर लावलेल्या ग्राहकांकडे जाणाऱ्या श्रवणातीत ध्वनिलहरी, मनगटावर आकडेफलक: सामग्री दिपविणारी होती. हाताची हालचाल हीच आज्ञा, मध्ये चिन्ह म्हणून नकोच, असा त्याचा अभिमान. पण बहुतेक खेळांना मोज्याची ओळखच नव्हती. मोजा हालचालीचे भाषांतर साध्या नियंत्रकाच्या बटणांत करी, आणि कोणते भाषांतर करावयाचे ते मनगटावर आकडे दाबून आधी सांगावे लागे. चिन्हाला टाळण्यासाठी निघालेल्या यंत्राला अधिक चिन्हांची गरज लागली! त्याच्यासाठी म्हणून निघालेले खेळ अमेरिकेत दोनच. भेद नवे नव्हते, द्रव्य तेवढे भपकेबाज होते. सोस्यूर येथे मोज्याविरुद्ध साक्ष देतो. १९८५ चा 'रॉब' हा यंत्रमानव त्यापेक्षा आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो. खेळाडूने बटण दाबावे, पडद्याने लुकलुकून आज्ञा द्यावी, रॉबने ती डोळ्यांनी वाचून भिरभिरते चक्र उचलावे व पाळ्यावर ठेवावे आणि त्या भाराने दुसऱ्या नियंत्रकाचे बटण दाबले जावे, अशी ती द्राविडी प्राणायामाची परमावधी आहे. तो निरुपयोगी असेल, पण दूत, निरोप आणि विलंब ह्यांचा खेळ त्यात आहे. मोज्यात तेवढेही नाही.

आता ज्या उदाहरणाने प्रस्तुत लेखकाचे मत सर्वांत अधिक बदलले त्याकडे येऊ. १९८२ च्या अटारी ५२०० ची जॉयस्टिक सोडली असता मध्यावर परतत नाही. बटणे निकामी होत, ती तक्रार वेगळी व रास्त आहे. परंतु न परतणारी दांडी हा निव्वळ दोष म्हणून सांगितला जातो, आणि लेखकही तसेच सांगत असे. परतणाऱ्या दांडीचे महत्त्व काय? ती सोडून देणे हीसुद्धा आज्ञा असते: 'थांब'. पाणिनीने लोपाला व्याकरणात स्थान दिले, अभावालाही कार्य असते हे जाणले. ५२०० च्या दांडीला लोप नाही. हात काढून घेतला तरी वाक्य चालूच राहते. 'पॅक-मॅन'सारख्या, चार सुट्या दिशांवर उभारलेल्या खेळात ह्याने अनर्थ होतो. पण त्याच अटारीच्या १९७७ च्या यंत्राबरोबरची फिरती मूठही स्वतःहून परतत नसे, आणि तिच्याविरुद्ध कोणी तक्रार करीत नाही. कारण 'ब्रेकआउट'मध्ये फळी जेथे सोडाल तेथेच राहणे हाच नियम आहे. ५२०० बरोबर आरंभी दिला जाणारा खेळ 'सुपर ब्रेकआउट' होता. पुढे त्याची जागा 'पॅक-मॅन'ने घेतली. पहिला खेळ ह्या दांडीच्या व्याकरणात लिहिता येतो, दुसरा येत नाही. दोष दांडीत शोधणे म्हणजे वाक्य चुकले म्हणून विभक्तिप्रत्ययाला दोष देणे होय.

योकोईने अखेरच्या काळात ज्याची कल्पना दिली, आणि १९९७ मध्ये त्याच्या अपघाती मृत्यूनंतर १९९९ साली बंदाई कंपनीने जे बाजारात आणले, ते वंडरस्वान हे हातातले यंत्र ह्या दृष्टीने सर्वांत विचारपूर्वक घडविलेले आहे. ते आडवे धरता येते आणि उभेही. आडवे धरले असता डाव्या हाताशी चार-चार बटणांचे दोन गट, एकावर एक, आणि उजव्या हाताशी 'ए' व 'बी'. उभे धरले की तेच दोन गट खाली शेजारी-शेजारी येतात. एका अंगठ्याला दिशा आणि दुसऱ्याला क्रिया मिळतात. म्हणून ह्या बटणांना 'वर', 'खाली' अशी नावे देता येत नव्हती. त्यांची नावे 'एक्स-१' ते 'एक्स-४' आणि 'वाय-१' ते 'वाय-४'. 'वर' कोणते, हे धरणाऱ्याच्या पवित्र्यावर ठरते, जसे 'येथे' आणि 'तेथे' ह्यांचा अर्थ बोलणाऱ्याच्या जागेवर ठरतो. ज्याने क्रूसाकृती फलकावर दिशा कायमच्या कोरल्या त्यानेच शेवटी दिशेला दर्शक सर्वनामाचे रूप द्यावे, ह्यात एका बुद्धीचा प्रवास दिसतो. पण लक्षात घ्यावयाचे ते हे की ह्या व्याकरणाचा आधार हात आहे. एम्युलेटरमध्ये पडदा आपोआप उभा फिरतो. खेळाडू आपल्या जागी तसाच बसून राहतो. सर्वनाम उरते, बोलणारा नाहीसा होतो.

हात मात्र यादृच्छिक नाही, आणि भाषेचे रूपक येथे सोडून द्यावे लागते. १९९६ च्या निन्तेन्दो ६४ च्या नियंत्रकाला तीन मुठी होत्या. माणसाला हात दोन. कोणत्या दोन मुठी धरावयाच्या हे खेळाने सांगावयाचे, अशी योजना. व्यवहारात बहुसंख्य खेळांनी मधली व उजवी पसंत केली आणि डावी मूठ, तिच्यावरील दिशाफलकासह, लटकत राहिली. 'गोल्डनआय'ने १९९७ साली एकाच खेळाडूला दोन नियंत्रक दोन हातांत धरण्याची मुभा ठेवली, तीत ह्या आकाराचा खरा उपयोग सापडला असे आम्हांस वाटते. येथवर प्रश्न व्याकरणाचाच होता. त्यानंतर 'मारिओ पार्टी' आला. त्यातील काही छोट्या खेळांत मधली दांडी जितकी वेगाने गरगर फिरवावी तितके यश. मुलांनी बोटांऐवजी तळहात लावला, आणि तळहात सोलवटले, फोड आले. २००० साली न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी झालेल्या समझोत्यानुसार कंपनीने ग्राहकांना हातमोजे देऊ केले.

कोणत्याही भाषेतील कोणत्याही वाक्याने बोलणाऱ्याच्या जिभेला फोड येत नाही. स्वनिम हा मुखातून उच्चारला जातो खरा, पण त्याची व्याख्या करताना आपण मुखाला बाजूला ठेवू शकतो. 'मारिओ पार्टी'च्या त्या खेळाची व्याख्या करताना तळहाताला बाजूला ठेवता येत नाही, कारण सहनशक्ती हाच तेथील नियम आहे. म्हणजे नियंत्रक दोन प्रकारे संहितेत शिरतो: भेद पुरवून, आणि देहाकडून काही मागून. पहिल्या प्रकाराची मीमांसा आपल्या शास्त्राला करता येते. दुसऱ्यासाठी आपल्यापाशी परिभाषा नाही. नृत्य, वाद्यवादन किंवा कुस्ती ह्यांच्या अभ्यासकांकडे ती असेल; तबल्याचे बोल आणि त्यांचे हात ह्यांचा संबंध केवळ यादृच्छिक नाही हे तबलजीला सांगावे लागत नाही.

प्रबंधिकेविषयी एवढे लिहावयाचे राहिले. तिच्या लेखकाशी ह्या सर्व गोष्टी बोलल्यावर त्याने विचारले की, मूळ यंत्र ज्याला मिळत नाही त्याने काय करावे. सगळ्यांनाच ते कोठून मिळणार? प्रश्न बिनतोड आहे. हस्तलिखित न पाहता छापील प्रतीवरून अभ्यास आपणही करतोच. मात्र कोणत्या प्रतीवरून, हे पहिल्याच पानावर सांगतो. ह्या वर्षापासून विभागातील अशा प्रबंधिकांत प्रत्येक खेळाच्या नावापुढे तो कोणत्या नियंत्रकाने खेळला हे लिहावे आणि पट्टी वा माहितीपुस्तिका पाहिली होती की नाही ह्याचीही नोंद करावी, असे लेखकाने विभागाच्या बैठकीत सुचविले आहे. त्या विद्यार्थ्याने तिसरे प्रकरण पुन्हा लिहावयास घेतले आहे. बेसबॉलची पट्टी त्याच्याकडे दिली आहे; 'यूटोपिया'ची अद्याप मिळालेली नाही.